स्टेशन बंगल्यातली काच

...तर ती बाई काही केल्या ओट्यावरून उठेना. काल मी इथंच थांबलो होतो ना? मांडीवर गाठोडं, शेजारी पिशवीतून माना बाहेर काढलेल्या दोन कोंबड्या, आणि आमच्या महांतेशअप्पाला विचारते, "ओ मास्तर, नांदेडची गाडी कवा हाय?"

अप्पा म्हणाला, "माय, हे स्टेशन न्हाई. माझं घर हाय."

बाईनं घराकडं खालून वर पाहिलं. "घर हाय, तर फलाटावर कामून बांधलं?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? अप्पानं रस्त्यावरचा ऑटो थांबवला, बाईला कोंबड्यांसकट आत बसवलं आणि खऱ्या स्टेशनकडं पाठवून दिलं. जाता जाता ती ऑटोवाल्याला काय म्हणाली ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "मास्तर हाय, अन् गाडीचा टाइम ठावं न्हाई."

हसलात ना? हसा. अप्पासुद्धा पोट धरून हसला होता. त्याच्या हसण्याचे ते दिवस होते, म्हणून ही गोष्ट आधी सांगून घेतली.

आणि बाईची तरी काय चूक? ते घर आहेच तसं. परभणीला रेल्वे नवी नवी आली, निजामाचं राज्य होतं, तेव्हा अप्पाचा पणजोबा वीरुपाक्षअप्पा कापसाची अडत चालवायचा. त्याला स्टेशनचं असं वेड लागलं की काम नसताना तिथं जाऊन बसायचा. गाडी बघायला नाही, इमारत बघायला. त्याचं राहतं घर गावात होतं, गल्लीत, भिंतीला भिंत लागून. एक दिवस त्यानं जाहीर केलं, आपण गावाबाहेर स्टेशनच्या वाटेवर बंगला बांधणार आणि अस्साच बांधणार. बायको म्हणाली, "तिथं कोल्हे राहतेत." हा म्हणाला, "त्यांना शेजार होईल."

स्टेशनचं काम केलेला एक गवंडी त्यानं शोधून आणला आणि त्याला पाहिजे ते करू दिलं. घडीव काळ्या दगडाचं छातीइतकं उंच जोतं. त्यावर लांबच लांब पडवी, बिडाच्या खांबांवर उभी, आणि छपराच्या कडेला लाकडी झालर, अगदी फलाटावर असते तशी. वर मंगलोरी कौलं. भिंती दोन हात जाड, चुन्यात बांधलेल्या. मे महिन्यात रस्त्यावरून आत शिरलं की माठात शिरल्यासारखं वाटायचं. पुढच्या खोलीला तिकिटाच्या खिडकीसारखी अर्धगोल खिडकी. कापूस घेऊन आलेल्या माणसाशी वीरुपाक्षअप्पा तिच्यातूनच बोलायचा, म्हणून लोक म्हणायचे, हा कापसाला तिकीट काढून देतो. घराचं नाव पडलं स्टेशन बंगला. पुढं गाव वाढत वाढत आलं, बंगल्याला ओलांडून पलीकडं गेलं, कोल्हे कुठं गेले देव जाणे, नाव मात्र राहिलं.

मी मूळचा राणीसावरगावचा. पोराच्या नोकरीपायी परभणीत आलो आणि नेमका ह्या बंगल्यासमोर राहायला मिळालं. रोज संध्याकाळी माझी बैठक त्या पडवीत. त्यामुळं घर आतून बाहेरून माझ्या पाठ आहे. लोक पुढची झालर बघून वा वा करतात. पण त्या घराचं काळीज मागं आहे, उत्तरेच्या कोपऱ्यात. बाळंतिणीची खोली. तिला एकच दार, छताजवळ एक झरोका, भिंतीत दिव्यासाठी देवळी. छताला तुळई म्हणून टाकलाय तो रेल्वेचा खराखुरा रूळ, आणि त्या रुळाला पाळण्याची कडी. घरातलं प्रत्येक लेकरू त्या कडीखाली झोपलं. ही लिंगायत मंडळी. जंगम येऊन तान्ह्या बाळाला लिंग बांधतो, तोही विधी त्या कडीखालीच. पुढं बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, तरी बाळ दवाखान्यातून निघालं की थेट त्या खोलीत. महांतेशअप्पा तिथलाच, आणि त्याची एकुलती एक लेक स्वप्ना, तीही तिथलीच.

अप्पाचं बाजारात दोरांचं दुकान. कासरे, दावी, विहिरीचे नाडे. आता सगळं नायलॉनचं झालंय, तरी एका कोपऱ्यात अंबाडीचे दोर टांगलेले असतात, वास यावा म्हणून. माणूस साधा. दुकानातून घरी आला की चप्पल काढायच्या आधी भिंतीला हात लावायचा. मी एकदा म्हणालो, "अप्पा, भिंत पळून न्हाई चालली." तर म्हणाला, "सवय हाय आबा. लहानपणी पडवीतून पळता पळता धरायचो."

ह्या माणसानं विहीर बुजवली.

त्याचं असं झालं. स्वप्नाचं लग्न ठरलं लातूरला. बंगल्यातली सगळी लग्नं अंगणात झालेली. पण अंगणाच्या मधोमध विहीर. जुन्या काळी पाहुणे बेताचे, पंगत विहिरीला वळसा घालून बसायची. आताच्या मांडवाला ते जमेना. सगळे म्हणाले, मंगल कार्यालय घ्या, मोकळे व्हा. अप्पा हट्टाला पेटला. "माझी लेक ह्याच अंगणातून सासरी जाईल." नळ आल्यापासून विहिरीचं पाणी कुणी शेंदत नव्हतं, खरं आहे. ट्रॅक्टरनं मलबा आणला, वरून मुरूम, त्यावर रोलर. त्याची बायको शिवकन्या हळदकुंकू वाहून नारळ फोडताना म्हणाली, "आयुष्यभर विहिरीचे दोर इकून खाल्लं, अन् विहीरच गिळली ह्या माणसानं." सगळे हसले. अप्पापण हसला. लग्न असं झालं की अजून गल्लीत नाव निघतं.

त्याच पावसाळ्यात उत्तरेकडं पाणी साचायला लागलं. कधी साचत नव्हतं ते. हिवाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत केसाएवढी रेघ दिसली. उन्हाळ्यात तिच्यात माझं करंगळीचं नख जायला लागलं. कोपऱ्यातून निघालेली भेग तिरकी चढत थेट रुळाच्या टोकाशी गेली, कडीच्या अंगाला.

आमच्या गल्लीत आदिनाथ नावाचा इंजिनिअर राहतो, पोरगा गुणी. त्यानं भिंतीच्या बाहेरून चर खणायला लावला आणि आत उतरून बराच वेळ बसला. वर आला तो हातात गोटे घेऊन. म्हणाला, "अप्पा, पायाच्या कडेनं गोट्यांची नाळ हाय. आपली काळी माती पाणी पिली की फुगती, वाळली की आकसती, घराला खालून हलवती. त्या गवंड्याला हे माहीत होतं. पायाजवळचं सगळं पाणी त्यानं नाळेतून काढून दिलं."

"कुठं काढून दिलं?" अप्पानं विचारलं.

आदिनाथनं हातातले गोटे खाली ठेवले. नाळ जिकडं जात होती तिकडं बघितलं फक्त. अंगणाच्या मधोमध.

अप्पा तिथंच मुरमावर खाली बसला. मी बरीच माणसं बसलेली पाहिली आहेत, मयतीला, पंचायतीला. असं बसलेलं माणूस पाहिलं नाही. शिवकन्या घरातून पाणी घेऊन आली आणि त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही. त्यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशीपासून विहीर उकरायला माणसं लावली. आदिनाथनं भेगेवर काचेची एक आडवी पट्टी बसवली, दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की केली. "भिंत हलली की काच तडकेल," तो म्हणाला. "काच साबूत राहिली, तर समजा जमीन शांत व्हायलीय. मग आपण भिंत शिवून घेऊ. पण तोवर ह्या खोलीत कुणी झोपायचं न्हाई."

पहिली काच आठवडाभरात गेली. दुसरी लावली.

आणि दिवाळीला स्वप्नाकडून गोड बातमी आली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. पण स्वप्नाची सासू भागम्मा, बाई खमकी. तिचा फोन आला तेव्हा अप्पानं स्पीकर लावला होता, म्हणून मीही ऐकलं. "अप्पा, रीत आमालाबी मान्य हाय. पोरगी तुमच्याकडंच येईल. पण भिंत उललीय म्हणतेत. आमी सातव्या महिन्यात ओटी भरायला येताव, तवा डोळ्यानं बघू. ठीक दिसलं तर ठेवून जाऊ, न्हाई तर माघारी नेऊ. राग मानायचा न्हाई."

"राग कशाचा जी," अप्पा म्हणाला. फोन ठेवला आणि उठून त्या खोलीत गेला.

तिथून पुढं त्या माणसाला दुसरं काही सुचेना. दुकान उशिरा उघडायचा, लवकर बंद करायचा. मी गेलो की पडवी रिकामी, अप्पा आत काचेसमोर स्टुलावर. बोलायचंसुद्धा हळू. गल्लीतली पोरं चेंडू आपटायला लागली की बाहेर येऊन हात जोडायचा. विटांचा ट्रक दिसला की रस्त्यात जाऊन उभा राहायचा, "दादा, हळू ने, घर आजारी हाय." ड्रायव्हर लोक हसायचे. शेंगदाण्याची चटणी कुटायची तर शिवकन्या उखळ घेऊन आमच्याकडं यायची. "घरात कुटलं तर आमचे साहेब उपाशी मरायची भाषा करतेत," ती म्हणायची. एकदा कुटता कुटता मुसळ तसंच हातात धरून थांबली. "आबा, सकाळी उठून म्या आधी त्यांच्या तोंडाकडं बघते. तोंडावरून कळतं काच हाय का न्हाई."

काच होती. पौष गेला, माघ निम्मा झाला, दुसरी काच साबूत. विहीर अर्ध्याच्या वर मोकळी झाली. आदिनाथ येऊन बघून गेला आणि "बरं दिसायलंय" एवढंच म्हणाला, पण अप्पानं त्या एवढ्यावर खोलीला चुना दिला. देवळीतली काजळी घासून काढली. कडीला खोबरेल तेल लावलं आणि ओढून ओढून बघितली. माळ्यावरचा पाळणा खाली आला. संध्याकाळी पडवीत येऊन बसला आणि मला म्हणाला, "आबा, ती गोष्ट सांगा ना. कोंबड्यावाल्या बाईची."

ओटी भरायच्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येत होतो. बंगल्याचं मागचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो. अप्पा स्टुलावर चढलेला. खाली वाटीत प्लास्टर कालवलेलं, आणि शेजारी पेपरावर तडकलेली काच. मधोमध, सरळ तडकलेली.

"आत्ता वाजली आबा," तो म्हणाला. माझ्याकडं बघत नव्हता. "चहा घ्यायलो होतो. टिक्क करून वाजली."

"अन् हे काय करायलाव?"

"नवी लावायलो."

फोटोच्या फ्रेमा करणाऱ्याकडून त्यानं पट्ट्या कापून आणून ठेवल्या होत्या. काच बसेना. मी म्हणालो, "अप्पा, हे बरं न्हाई."

"बरं कुठलं? मला का कळत न्हाई? पण आज ती येतीय. आज बघून गेले तर ठेवून जातील. पुढच्या खोलीत झोपवतो तिला. हितं फक्त पाळणा. दिवसाचा थोडा येळ." मग स्टुलावरून खाली उतरला आणि म्हणाला, "सव्वाशे वर्सं, आबा, न्हाई तरी त्याच्या आसपास. एकबी लेकरू ह्या कडीबिगर न्हाई. अन् म्या बुजवली विहीर. म्या."

तेवढ्यात शिवकन्या दारात येऊन उभी राहिली. तिनं पेपरावरची काच बघितली, भिंतीवरची बघितली, आणि कोपऱ्यातला झाडू उचलला.

दुपारी लातूरची मंडळी आली. स्वप्नाचं पोट चांगलं दिसत होतं, चेहरा भरलेला. ती ऑटोतून उतरली आणि बापासारखाच आधी भिंतीला हात लावला. भागम्मा सरळ मागच्या खोलीत. पदर खोचून तिनं भेग बघितली, चष्मा लावून काच बघितली, ताज्या चुन्याचा वास घेतला.

"साबूत हाय की," ती म्हणाली.

"हाय," अप्पा म्हणाला.

"माझ्या मनात उगंच भ्या होतं. मग ओटी हितंच भरू. कडीखाली. पोरगीला रोज सपनात हीच खोली दिसती, घरात दुसरं बोलत न्हाई ती."

पाट मांडला. स्वप्ना सावकाश, एक हात जमिनीला टेकत पाटावर बसली. बरोबर कडीखाली. तिनं मान वर करून रुळाकडं बघितलं आणि हसली. शिवकन्येच्या हातातलं ताट मला दारातून दिसत होतं. त्यातला नारळ डुगडुगत होता. ती नवऱ्याकडं बघत होती. भागम्मानं खणात तांदूळ घेतले.

"स्वप्ने, ऊठ," अप्पा म्हणाला.

"काय झालं अप्पा?"

"ऊठ म्हणतो ना! बाहेर हो आधी!"

असा आवाज त्या घरात मी कधी ऐकला नव्हता. इतके महिने कुजबुजत बोलणारा माणूस, भिंत हादरावी असा ओरडला. दंडाला धरून त्यानं लेकीला उठवलं, पडवीत नेलं, आणि मग भागम्मासमोर हात जोडून उभा राहिला. "काच सकाळी फुटली. ही म्या नवी लावली. पोरीला माघारी घेऊन जावा."

भागम्माच्या ओंजळीतले तांदूळ तसेच. ती रागावेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "अप्पा, तुमी गप राहिले असते तर आमाला कळलं नसतं."

"हो."

"मग?"

अप्पा नुसता स्वप्नाकडं बघत होता.

ओटी पडवीत भरली, त्या बिडाच्या खांबांमध्ये. स्वप्ना सगळा वेळ रडत होती. संध्याकाळी मंडळी तिला घेऊन माघारी गेली. ज्या अंगणातून तिला सासरी पाठवायला विहीर बुजवली, त्याच अंगणातून ती गेली, उकरलेल्या ढिगाऱ्याला वळसा घालून.

चैत्रात लातूरला मुलगी झाली. जंगमानं लिंग तिथंच बांधलं. सव्वा महिन्यानं बाळंतीण विहीर पुजते. तिथं आसपास विहीर नव्हती, म्हणून स्वप्नानं गच्चीवरची प्लास्टिकची टाकी पुजली. तिनं फोटो पाठवला. अप्पानं तो मला दाखवला, आणि आम्ही दोघांनी हसायचा प्रयत्न केला.

आता काय आहे ते सांगतो. खोलीला आतून लाकडी बल्ल्यांचा टेकू दिलाय आणि कडीपर्यंत हात पोचत नाही इतकी लाकडं झालीत. आदिनाथ म्हणतो, एक-दोन पावसाळे बघावे लागतील. जमीन शांत झाली तर ठीक, नाही तर तेवढा कोपरा उतरवावा लागेल. विहीर तळापर्यंत मोकळी झालीय. तळाला पाणी नाही, ओला चिखल आहे. अप्पा रोज त्यात आपल्याच दुकानातला दोर सोडतो आणि नाळेतून पाणी उतरलंय का म्हणून वर ओढून टोक चाचपतो.

आणि काच. काच काही थांबेना. कधी दोन दिवस टिकते, कधी एक. मला वाटलं होतं आता तो लावायचं सोडून देईल. बघायचं कुणाला राहिलंय? पण परवा सकाळी गेलो तर बल्ल्यांमधून वाट काढत, घामानं भिजलेला, हा वाटीत प्लास्टर कालवून उभा. पायाशी कालची फुटलेली पट्टी. पुढच्या खोलीत फोन चार्जिंगला लावलेला, आणि त्याचा एक कान तिकडं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "अप्पा, ही फुटणार हे तुमाला ठावं हाय. आता कुणी बघायला येणार न्हाई. मग रोज कशाला लावायलाव?"

त्यानं काच बसवली, अंगठ्यानं दाबून धरली, आणि मला म्हणाला, "स्वप्नीचा रोज सकाळी फोन येतो, आबा. यायची भाषा काढली की म्या म्हणतो, आदिनाथ म्हणाल्याबिगर न्हाई, पावसाळा होऊ दे. पण फोन ठेवायच्या आधी ती इचारती, अप्पा, काच हाय ना? न्हाई म्हणलं की रडती, अन् तिची माय म्हणती, बाळंतिणीला रडवू नका, दूध आटतं. अन् लेकीशी खोटं तर मला बोलायचं न्हाई. म्हून फोन यायच्या आधी लावतो."